गृहीत धरलेलं पाणी

लिपिकपदाच्या परीक्षेत एक प्रश्न होता. विधान: ‘नळ विनाकारण उघडा ठेवू नका.’ गृहीतक: नळाला पाणी येते. हे गृहीतक विधानात दडलेले आहे काय? गंगाखेड तालुक्यातल्या त्रिवेणीने प्रामाणिकपणे ‘नाही’ असं उत्तर दिलं आणि एका गुणाने तिची नोकरी हुकली.

तिच्या गावात घरोघरी नळ होता. त्यात कुंभारमाश्या घरं करून सुखाने राहत होत्या.

त्रिवेणीने हरकत घेतली. भरती मंडळाने कळवलं की गृहीतक हे विधान करणाऱ्याच्या डोक्यात असतं, नळात नसतं. तथापि उमेदवारावर अन्याय होऊ नये म्हणून प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल.

कागदोपत्री नळयोजना कधीच पूर्ण झालेली असल्याने ग्रामसेवक व्यंकटरावांना घाम फुटला. त्यांनी टँकर बोलावून टाकी भरली आणि नळांतली माश्यांची घरं काडीने खरवडून काढली. पाहणीला आलेल्या साहेबांनी तोटी फिरवली. पाणी धो धो आलं. गावातलं होतं नव्हतं ते भांडं बाहेर आलं.

“साहेब, हे फक्त आजच आलंय,” त्रिवेणी म्हणाली.

साहेबांनी तिच्या आईला, चन्नबसम्माला विचारलं, “मावशी, खरं काय?”

“पाणी येतंय की सायेब,” घागर न सोडता ती म्हणाली. “तुमी येत जावा.”

साहेबांनी पहिलं वाक्य तेवढं लिहून घेतलं. हरकत फेटाळली गेली.

त्रिवेणीला रडू आलं. “माय, माझी नोकरी घालवलीस तू.”

“नोकरीची जाहिरात परत निघंल, पोरी. पाण्याची कोण काढायलंय?”

पुढच्या वर्षी मंडळाने तोच प्रश्न पुन्हा ठेवायचं जाहीर केलं, कारण त्याचं उत्तर आता पाहणीने सिद्ध झालं होतं. परीक्षेच्या सकाळी सगळी गल्ली त्रिवेणीला जीपपर्यंत सोडायला आली. शकुनाला भरली घागर समोर यावी म्हणतात. ती कुणाच्याच घरी निघाली नाही.

शेजारच्या राजेश्रीकाकूंनी तिच्या हातावर दही ठेवलं. “बाकीचं सगळं बरोबर सोडव. नळाचं तेवढं चुकव, अन् परत हरकत घे. लय उपकार होतील बघ.”

चन्नबसम्माने लेकीकडे पाहिलं नाही.

तो प्रश्न आला. त्रिवेणीने पेन टेकवलं आणि ती थांबली.

तिने काय लिहायला हवं, हे वाचकहो, तुम्ही एव्हाना ठरवूनही टाकलं असेल. तुमच्या नळाला पाणी येतं, हे आम्ही गृहीत धरलेलं आहे.