दह्याचं सुतक

वंशावळीचा दाखला नसलेलं दही अशुद्ध, असा सरकारी नियम आमच्या गावात चैत्रापासून लागू झाला. नियम चांगला आहे. पंचामृतातलं दही कुणाचं कोण, हे देवासमोर तरी कळायला हवं.

माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन उद्यावर आलं होतं. लेक शरयू आठव्या महिन्यात आहे, तिच्यासाठी धरलेलं व्रत. दाखला द्यायला शुद्धता निरीक्षक पेंढारकर आले. मागच्याच गल्लीत राहतात.

"या भाऊजी."

"आज साहेब म्हणा वहिनी, ड्युटीवर आहे."

त्यांनी पातेल्यात डोकावून वही उघडली आणि थबकले. "आमच्या मंदानं तुमच्याकडूनच विरजण नेलं होतं ना? म्हणजे आपली दह्यं भाऊबंद."

"बरंच की."

"आमचं काल गेलं."

मी हात जोडले. "काय झालं होतं?"

"आंबटपणा वाढला होता. तुमच्या दह्याला दहा दिवस सुतक, वहिनी. देवाला चालायचं नाही."

दुसऱ्याचं मागावं, तर सारी गल्ली माझ्याच विरजणावर. नेमला सोमवार चुकला की सोळाही पहिल्यापासून धरायचे. शरयूचं बाळ तोवर थोडंच थांबणार? मी मनात महादेवाचं नाव घेतलं आणि कॅलेंडर काढलं.

"मंदाताईंनी विरजण नेलं संकष्टीला. रोज नवं दही, रोज एक पिढी. आज चोवीस झाल्या. एकवीस पिढ्यांपलीकडं सुतक नसतं साहेब, नुसती आंघोळ पुरते."

त्यांनी बोटांवर मोजलं. "पुरते. पण दह्यात पाणी घालणं ही भेसळ आहे. मीच दंड करतो."

"घालायचं नाहीच. वरून सोडायचं. आंघोळीनं माणसात कुठं पाणी मिसळतं?"

त्यांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. "अंग कोरडं करावं लागेल."

"करते."

मी दही धुतल्या पंच्यात बांधलं, पाटावर पूर्वेकडं तोंड करून ठेवलं आणि सात नद्यांची नावं घेत तांब्या ओतला. पेंढारकर अदबीनं पाठ फिरवून भिंतीकडं बघत उभे राहिले.

"झालं का, वहिनी?"

"थांबा, पुसतेय."

ते थांबले. मग वळून त्यांनी दाखल्यावर शिक्का मारला.