सुभानकाका आणि दिवेलागणीची जप्ती

तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी गल्लीत सुभानकाकांच्या घरी जायचं म्हणजे आधी पायरीखाली उभं राहावं लागे. पायरीवर पाऊल पडलं रे पडलं की ओट्यावरून आवाज यायचा, "खाली! हुकूम कुठं आहे?"

टपालवाला असो, केळीची पानं विकणारी म्हातारी असो, काकांना सगळे सारखे. वडिलांच्या श्राद्धाला आलेल्या उपाध्यायांनाही त्यांनी पायरीखाली थांबवलं होतं. "कोणाच्या हुकमानं आलात?"

"तुमच्या वडिलांच्या," उपाध्याय म्हणाले.

काकांनी थोडा विचार केला. "मग या," म्हणाले.

एकदा मोठ्या देवळाचा हत्ती केळं मागायला दाराशी आला. त्यालाही काकांनी हात आडवा करून हुकूम विचारला. हत्तीनं सोंड लांबवली, काकांचं पागोटं अलगद उचललं आणि माहुताकडे दिलं. काका गरजले, "अंगावरचं वस्त्र! अंगावरचं वस्त्र जप्त करतां येत नाहीं!" माहूत बिचारा तमिळ माणूस, त्याला काय कळणार? घाबरून त्यानं पागोटं परत केलं. त्यानंतर कितीतरी दिवस काका भेटेल त्याला सांगत होते, की कायद्यापुढं हत्तीनंसुद्धा माघार घेतली.

काकांचे आजोबा राजवाड्यातल्या पोपटांचे कारभारी होते. इंग्रजांनी इथलं मराठी राज्य खालसा केलं, तसे पोपटही गेले आणि कारभारही. मागे राहिलं ते गल्लीतलं लहानसं घर, थोडी भातजमीन आणि कारभाऱ्याचा आवाज. तो आवाज तीन पिढ्या झिरपत काकांपर्यंत आला होता. भाताचा खंड घरी येऊन पडे, त्यामुळे काकांना काम असं नव्हतंच. लोक देवळात जातात तसे ते जेवून उठले की मुन्सिफ कोर्टात जात. दावा नाही, फिर्याद नाही. मागच्या बाकावर बसून नुसतं ऐकायचं. कायदा इंग्रजीत, वकिलांची भाषा तमिळ आणि काकांचे कान मराठी. त्यामुळे कोर्टातून घरी पोचेपर्यंत कायदा बहुतेक काकांचाच झालेला असे.

जप्तीच्या वेळी अमिनाला शिंक आली तर त्यानं घरी जाऊन, पाय धुवून पुन्हा यायला हवं, असं त्यांनी मला छातीठोक सांगितलं होतं. अमीन म्हणजे कोर्टाच्या वतीनं घरी जप्ती घेऊन येणारा माणूस.

"असं कुठं असतं का, काका?"

"कायदा बोलतो, विठू. मी नाहीं."

गल्लीत कोणी त्यांचं मनावर घेत नसे. मीही घेत नव्हतो. आमच्या घरावर पाळी आली तेव्हा कळलं, की त्या भुशात दोन-चार दाणे खरे होते.

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, घरोघर जाऊन वीणा शिकवायचे. माणूस इतका भिडस्त की शिष्याची तार बेसूर लागली तर स्वतः ओशाळायचे. त्यांच्या एका मित्रानं गोळीसोड्याचा कारखाना काढला आणि कर्जाला अण्णांना जामीन ठेवलं. सोड्याच्या बाटल्या उन्हाळ्यात एकामागून एक फुटल्या, मित्र रंगूनच्या बोटीत बसला आणि हुकूमनामा अण्णांवर आला.

पैसे देणं होतंच, ते कोणी नाकारत नव्हतं. अण्णा हप्ते मागायला सावकाराकडे गेले, तर त्याच्या गुमास्त्यानं त्यांना दारातूनच परत पाठवलं.

मग एके संध्याकाळी, वहिनी देवापाशी समई लावून चुलीकडे वळली असताना, मागच्या दाराचा कोयंडा कडकन तुटला. गुमास्ता, दोन हमाल आणि छत्री काखेत धरलेला कुप्पुस्वामी अमीन परसातली भिंत चढून थेट स्वयंपाकघरात उतरले होते. वहिनी एवढी दचकली की हातातल्या पळीनं तिनं पहिल्या हमालाला पिठाचा टिळाच लावला.

"कोर्ट जप्ती," कुप्पुस्वामी म्हणाला. मराठी घरांत फिरून फिरून त्याला मोडकं मराठी येत असे. काटकुळा, गालफडं बसलेला माणूस. त्याला स्वतःलाच हे काम आवडत नसावं असा चेहरा. गुमास्ता मात्र रंगात होता. त्यानं सरळ अण्णांच्या वीणेकडे बोट केलं. अण्णा वीणेपुढं जाऊन बसले आणि तिच्या भोपळ्यावर हात ठेवून राहिले. मी शाळामास्तर, वर्गात पोरांना गप्प करणारा. पण तिथं मी नुसता भिंतीला टेकलो.

दुसऱ्या हमालानं चुलीवरचं इडलीचं भांडं उचललं. आत इडल्या होत्या. चटका बसून तो ओरडला, वहिनी त्याच्याहून मोठ्यानं ओरडली, आणि त्या आवाजावर भिंतीपलीकडून सुभानकाका अवतरले.

अवतरले म्हणजे आमच्या पुढच्या दारात येऊन उभे राहिले. दार सताड उघडं होतं, पण काका काही आत येईनात. "अण्णा!" ते बाहेरून म्हणाले, "मज आंत येण्याचा हुकूम दे."

"या हो काका!" अण्णा रडकुंडीला येऊन म्हणाले.

"सरी," म्हणजे तमिळमधलं 'बरं', असं म्हणून काका आत आले. पागोटं, खांद्यावर उपरणं, आणि घाईत एकाच पायात वहाण. त्यांनी आधी मोडका कोयंडा पाहिला, मग भांडं.

"कुप्पुस्वामी, हें भांडं खालीं ठेव. रांधायचं भांडं जप्त करतां येत नाहीं."

कुप्पुस्वामी गडबडला. "भांडं नाही घेत, राव. आत इडली आहे."

"मग इडल्या जप्त कर. भांडं ठेव."

कुप्पुस्वामीनं भांड्यात डोकावून पाहिलं. वाफ त्याच्या तोंडावर आली. "राव, अजून शिजली नाही," तो म्हणाला.

"मग तर तें पीठ झालं! पीठ कोर्टांत कसं नेशील? मुन्सिफांच्या मेजावर ओतशील?"

गुमास्त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "हा म्हातारा कोण? उचला ती वीणा!"

काका त्याच्याकडे वळले. मला वाटलं, आता शिंकेचा कायदा निघणार. पण काका हळू आवाजात म्हणाले, "वीणेवर ह्याचं पोट चालतं. सुताराची करवत नेतोस का? आणि मज सांग, दिवस मावळल्यावर माणसाच्या घरांत शिरायला तुज कोणी सांगितलं?"

"मावळलाय कुठं दिवस?" गुमास्ता म्हणाला. "अजून उजेड आहे."

यावर मोठाच वाद झाला. अंगणातून सूर्य दिसत नव्हता. पश्चिमेला राजवाड्याचा मनोरा आडवा येत होता. सूर्य त्या मनोऱ्यामागे आहे, असं गुमास्त्याचं म्हणणं. सूर्य रामेश्वरापलीकडे गेला, असं काकांचं. रामेश्वर आमच्या दक्षिणेला, पण त्या भरात कोणाच्या लक्षात आलं नाही. एक हमाल गच्चीवर जाऊन पाहून आला आणि म्हणाला, "लाल आहे." काय लाल आहे ते त्याला सांगता येईना.

तेवढ्यात काका दाराशी गेले आणि गल्लीच्या कोपऱ्याकडे तोंड करून ओरडले, "अरे मुनियांडी! तुझा दिवा लागला का?"

मुनियांडी रस्त्यावरचे रॉकेलचे कंदील लावायचा. तो शिडी खांद्यावर घेऊन आमच्या दारात आला. "केव्हाच लावला, सामी. आता पुढच्या गल्लीत चाललो होतो."

"अंधार पडण्याआधीं लावतोस?"

"तेल काय माझ्या बापाचं आहे?" मुनियांडी म्हणाला. "आधी लावला तर ओव्हरसियर पगार कापतो."

शिडीमागून अर्धी गल्ली आत आली होती. सगळ्यांनी एकदम कोपऱ्यावरच्या कंदिलाकडे पाहिलं. तो ढणढणत होता. कुप्पुस्वामीनं छत्री उघडली, पुन्हा मिटली, आणि काकांना तमिळमध्ये म्हणाला, "राव, या गुमास्त्यानं मला दुपारपासून त्याच्या दुकानात बसवून ठेवलं. अंधार पडल्यावर जाऊ, लोक बोभाटा करणार नाहीत म्हणाला."

"आणि तूं ऐकलंस?"

कुप्पुस्वामीनं मान खाली घातली. गुमास्ता मागच्या दाराकडे सरकला. जाताना पुढच्या दारानं जा, असं वहिनीनं त्याला बजावलं. तिच्या हातात पळी अजून होतीच.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मुन्सिफांकडे अर्ज दिला. बोलायला अण्णांना जमेना, म्हणून मी बोललो. मोडका कोयंडा मी रुमालात बांधून नेला होता. मुनियांडीनं शिडीसकट साक्ष दिली. शिडी बाहेर ठेव म्हटलं तर तो म्हणाला, चोरीला गेली तर कोण भरणार? मागच्या बाकावरून काका मधेच उठून "कायदा बोलतो!" म्हणाले, तेव्हा मुन्सिफांनी त्यांना खाली बसवलं. पण निकाल आमच्या बाजूनं लागला. ती जप्ती रद्द झाली, वीणेला हात लावायचा नाही असं ठरलं, कोयंड्याचा खर्च सावकारावर पडला आणि अण्णांना हप्ते मिळाले. ते अण्णांनी वीणा शिकवून शिकवून फेडले.

कुप्पुस्वामीला मात्र मुन्सिफांनी भर कोर्टात झाडलं आणि काही काळ कामावरून बाजूला बसवलं.

काका आता गल्लीत छाती काढून फिरतील, असं आम्हांला वाटलं होतं. झालं उलटंच. ते कोर्टात जाईनासे झाले. दुपारी जेवले की भलत्याच दिशेला निघायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. वहिनीला काळजी वाटली. "म्हातारं माणूस, कुठं जातात पाहा तरी," ती म्हणाली.

एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या मागून गेलो. पश्चिमेच्या वेशीजवळ एका बुटक्या घराच्या ओट्यावर काका बसले होते. स्वतःच्याच घराच्या पायरीखाली, छत्री काखेत धरून, कुप्पुस्वामी उभा होता.

"पुन्हा," काका म्हणाले. "मी घरवाला. तूं अमीन. ये."

कुप्पुस्वामी दोन पावलं पुढं आला आणि घसा साफ करून म्हणाला, "राव, नमस्कार. कोर्टाचा हुकूम आहे. आत येऊ का?"

"हुकूम दाखव आधीं! आणि घरांत बायका असतील तर?"

"त्यांना बाजूला व्हायला वेळ देतो."

"कोणी रडायला लागलं तर?"

कुप्पुस्वामी गोंधळला. "त्याला काय कायदा आहे, राव?"

काकांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "कायदा नाहीं," ते म्हणाले. "तेव्हां जरा थांबायचं. पाणी पितां का म्हणून विचारायचं."

मी आल्या पावली परतलो. काका ओशाळतील असं वाटलं.

पुढं कुप्पुस्वामीला पुन्हा काम मिळालं, पण बदली ओरत्तनाडूला झाली. निघाला त्या दिवशी काका बैलगाडीतून त्याच्याबरोबर गावाबाहेरच्या कालव्यापर्यंत गेले आणि तिथून पायी परत आले. मी आमच्या ओट्यावर वह्या तपासत होतो. काका समोरून जाता जाता थांबले. पागोटं हातात, पायांवर धूळ.

"पोचवलं?" मी विचारलं.

"हं. छत्री विसरत होता." ते पायरीवर बसले. "विठू, आमची तारा बडोद्याला दिली. तिची आई गेली त्यालाही आतां बरेच दिवस झाले. गल्ली चांगली आहे, कोणी वाईट नाहीं. पण मजशीं कोणी वाद घालत नाहीं रे. सगळे होय होय म्हणतात आणि निघून जातात. तो कुप्पुस्वामी उलट बोलायचा."

मी म्हणालो, "काका, रामेश्वर दक्षिणेला आहे. त्या दिवशी सूर्याचं तुम्ही चुकीचं सांगितलं."

काकांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग पायांवरची धूळ झटकली, माझ्या वह्या बाजूला सारल्या आणि मांडी घालून नीट बसले.

"कोण म्हणतो?" ते म्हणाले.