नुसते ओठ हालव

मठपती गुरुजींच्या गायनवृंदात चाळीस पोरं होती. त्यातली गाणारी बारा. बाकीच्या अठ्ठावीस जणांना एकच हुकूम होता, "बाबा, तू नुसते ओठ हालव!"

मी लोह्याचा. बदली होऊन लातूरच्या शाळेत गणित शिकवायला आलो, तर मुख्याध्यापकांनी ही चाळीस मुंडकी रांगेत उभी करायचं काम माझ्याच गळ्यात मारलं. अरे देवा, काय वैताग!

सुराच्या बाबतीत गुरुजी म्हणजे जमदग्नी. टँकरच्या रांगेतसुद्धा लोकांच्या घागरींवर टिचक्या मारत फिरायचे. "यप्पा! ही उतरली हो वहिनी." वहिनीला वाटायचं, घागर गळते. ती बिचारी बूड तपासत बसायची, तोवर रांग पुढं जायची आणि मग गुरुजींचा जो उद्धार व्हायचा! घरी बायको नाही, पोर नाही. एक पेटी, एक स्टोव्ह. त्या स्टोव्हची घरघरही पिन मारून मारून पेटीच्या काळी चारच्या सुरात आणली, असं ते छातीठोकपणे सांगत.

असा माणूस अठ्ठावीस बेसूर कार्टी कशाला सांभाळून राहिला, मला काही कळेना.

त्या साली आम्ही पाऊस मागत होतो, आम्हाला जिल्हा मिळाला. लातूर नवा जिल्हा झाला, त्या समारंभातलं स्वागतगीत आमच्या शाळेकडं आलं. मी म्हणालो, "गुरुजी, गाणारी बारा न्या. बाकीच्यांचं काय लोणचं घालायचंय?"

गुरुजींनी मागच्या रांगेतल्या, ओठ हालवणाऱ्या एका पोराकडं बोट केलं. "तुक्याला काढू म्हणता, सर? उद्याच खडी फोडायला जाईल ना हो त्यो."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पाऊस नाही, म्हणून घरंच्या घरं रोजगार हमीच्या कामावर चालली होती. मागोमाग पोरंही शाळा सोडायची. एखादं पोरगं दोन दिवस दिसलं नाही की गुरुजी सायकल काढून त्याचं गाव गाठायचे आणि बापाला दम भरायचे, "तुमच्या लेकराच्या गळ्यात सरस्वती हाय. धुळीनं गळा बसला तर नव्या जिल्ह्याला मी काय तोंड दाखवू?" अठ्ठावीस घरी हीच थाप! मला माझ्या लोणच्याची लाज वाटली.

तुक्याचा बाप धोंडिबा मात्र पक्का निघाला. "समारंभ होऊ द्या, गुरुजी. दुसऱ्या दिशी पोराला कामावर नेतो. घरात खाणारी सात तोंडं हायत." आठवडाभर त्यांनी कुणाच्या घागरीला हात लावला नाही.

समारंभाला धोंडिबा धुतलेलं धोतर नेसून, बायकोला घेऊन पार पुढं येऊन बसला. एवढ्या जवळून पोराचा आवाज येत नाही, हे त्याला कळणारच! बारा पोरं झकास गायली, अठ्ठावीस जणांनी झकास ओठ हलवले. तुक्याचे ओठ जरा शब्दांच्या पुढंच पळत होते.

गाणं संपल्यावर धोंडिबा मांडवामागं आम्हाला शोधत आला. गुरुजींचा चेहरा पडला. झालं, बिंग फुटलं, मी मनात म्हटलं.

धोंडिबानं वाकून गुरुजींचे पाय धरले. डोळे भरून आलेले. "चाळीस पोरांत म्या माझ्या तुक्याचा आवाज वळखला बघा! त्याची माय बी म्हणली, ह्योच. ऱ्हाऊ द्या त्याला तुमच्यापाशी, गुरुजी. खडी म्या फोडतो."

एरवी पोराचा सूर केसभर हलला तरी गुरुजी ऐकून घेत नसत. "हाव," ते म्हणाले, "त्योच व्हता." आणि पाठ फिरवून पेटी बांधायला बसले. पेटी मघाशीच बांधून झाली होती.

दुसऱ्या दिवशी तालमीला त्यांनी तुक्याला ओढून पहिल्या रांगेत उभं केलं.

"आता गा."

"मी? मला येत न्हाई, गुरुजी."

"तुझ्या मायबापानं ऐकलाय की तुझा आवाज. मला बी ऐकू दे."

तुक्या गायला. शपथेवर सांगतो, इतकं बेसूर मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी कान झाकले. गुरुजींनी पेटी जवळ ओढली आणि डोळे मिटून, एकेक पट्टी दाबत, तुक्या नेमका कुठं आहे ते शोधायला लागले.