खुन्याची नेमणूक

पत्राला उत्तर न देणे हे सभ्य समाजात संमतीचेच एक नम्र रूप मानले जाते. चित्रपट कंपनीने तसे पत्राखाली छापलेही होते. तरी निवृत्त ग्रंथपालांकडून उत्तर गेले नव्हते. ते रोज मायना लिहीत, 'महोदय' जरा उद्धट तर वाटत नाही ना, अशी शंका घेत आणि कागद फाडत.

कंपनीची विनंती रास्त होती. ग्रंथपालांनी तरुणपणी एका खुनावर पुस्तक लिहिले होते (वाचक अकरा, पैकी चार मुद्रितशोधक). निवडणुकीच्या तोंडावर, शहर दंगलीच्या काठावर असताना, एका वार्ताहराला छापखान्यात गोळी घातली गेली. फासावर गेला तिथला पहारेकरी. गोळी मात्र पोलीस अधिकाऱ्याच्या पिस्तुलातली होती, हे पुस्तकाने पुराव्यानिशी मांडले होते. आता त्यावर चित्रपट निघत होता. धुके, तिरप्या टोप्या, ओले रस्ते, सगळे तयार होते. फक्त खुनी कोण ठेवायचा, याला लेखकाची मान्यता हवी होती.

कारण बाहेरची हवाही पुन्हा तापू लागली होती, आणि तापलेल्या हवेत जुन्या खुनालाही नवी परवानगी लागते. चित्रपटांच्या परवाना समितीने अत्यंत निःपक्षपातीपणे काम केले. अधिकारी खुनी दाखवताच अधिकाऱ्यांच्या कल्याण मंडळाच्या भावना दुखावल्या. संशय मंत्र्यावर नेला. पक्षाच्या भावना आधीच दुखावलेल्या होत्या, त्याच वापरण्यात आल्या. डॉक्टर, वकील, मद्यविक्रेते, सगळ्यांच्या संघटना निघाल्या. धुक्याला तेवढी हरकत आली नाही (हवामान खात्याने विचारार्थ मुदत मागितली आहे). शेवटी संघटना नसलेला एकच माणूस सापडला: पहारेकरी. फासावर गेलेल्यांचे कल्याण मंडळ नसते.

दिग्दर्शक स्वतः घरी आला.

"काका, त्याला एकदा फाशी झालीच आहे. पुन्हा दिली तर त्याचं नवीन काय जातं?"

"त्याची मुलगी आहे अजून," ग्रंथपाल पुटपुटले.

"मग तिला पहिल्या खेळाचा पास देऊ की."

तो गेल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, जन्मभर वाचनालयात 'शांतता राखा'ची पाटी लावलीत. ती घरी कशाला आणलीत?"

"अगं, पण माझंच चुकत असेल तर?"

"चुकत असतं तर इतके कागद फाडले नसते तुम्ही. द्या इकडे, मीही करते सही."

पण कंपनीच्या नियमावलीप्रमाणे लेखकाच्या हरकतीला दोन सह्या लागत. दुसरी नातेवाइकाची चालत नसे, आणि सही करणाऱ्याने प्रकरण वाचलेले असणे बंधनकारक होते. पत्नीने पेन खाली ठेवले आणि नियमावलीला उद्देशून एक जुना, उपयुक्त शब्द वापरला.

ग्रंथपाल पुस्तकाच्या हयात असलेल्या तीन वाचकांकडे गेले. पहिला म्हणाला, "शंभर टक्के खरं आहे तुमचं. फक्त माझं नाव नको." दुसऱ्याची सून सरकारी नोकरीत होती. तिसऱ्याने आदराने पुस्तकच परत केले.

घरी येऊन त्यांनी मायन्याशिवायच लिहिले: 'पहारेकऱ्याने खून केलेला नाही. अधिकाऱ्याने केला.' खाली सही केली. ती इतकी ठळक आली की क्षणभर त्यांना ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटली. मग दुसऱ्या सहीची रेघ कोरी ठेवून शेजारी बारीक अक्षरात टीप दिली: 'हे वाचणाऱ्यांनी प्रकरण आताच, या ओळीपर्यंत, वाचून काढले आहे. माझे नातेवाईक नाहीत. पेन शोधत असावेत.'

आणि पाकीट पेटीत टाकले.