कॅनडा हरली की भजी खपतात

रविवारी संध्याकाळी मळ्याकडून पहिला माणूस मान खाली घालून येताना दिसला आणि भिकाजीने कांदे कापायला घेतले. पाठोपाठ दुसरा आला. तो हवेत हात उडवून कुणाला तरी शिव्या घालत होता. भिकाजीने चुलीत आणखी दोन लाकडे सारली आणि बायकोला हाक मारली.

"नर्मदे, मोठो टोप काढ गो! कॅनडा हरली!"

"किती गोलांनी?" नर्मदेने आतून विचारले.

"पाच तरी आसतले. गंगाराम कपाळ बडयत येता हा."

"मगे पीठ आनीक भिजयतंय," नर्मदा म्हणाली आणि पदर खोचून कामाला लागली.

कॅनडा ही आचऱ्याच्या अलीकडच्या कांदळवाडीची फुटबॉल टीम. नाव फॉस्टिनमुळे पडले. फॉस्टिन बोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायचा. एका हिवाळ्यात त्याची बोट कॅनडाच्या कुठल्याशा बंदरात बर्फामुळे अडकून पडली आणि तिथल्या पाद्रीने त्याला जुन्या तांबड्या लोकरी गंज्यांची एक पेटी दिली. प्रत्येक गंजीच्या छातीवर पांढरे पान. पान पपईचे की भेंडीचे यावर वाडीत महिनाभर वाद झाला. नोकरी सोडून गावी आल्यावर फॉस्टिनने त्या गंज्या अकरा पोरांना घातल्या, स्वतः गळ्यात शिट्टी अडकवली, आणि मार्च महिन्याच्या उन्हात लोकर घालून खेळणारी टीम खाडीकाठी उभी राहिली.

घाम आला असता तरी निभावले असते. पण फॉस्टिनने तिकडे एक निराळाच खेळ पाहिला होता. त्यातला चेंडू अंड्यासारखा, माणसे एकमेकांवर रेड्यांसारखी धावून जायची, आणि दर खेपेला आधी सगळे खेळाडू गोल कोंडाळे करून, खांद्यावर हात टाकून, डोकी एकत्र आणून काहीतरी ठरवायचे. तसला चेंडू त्याला आणता आला नाही. कोंडाळे मात्र त्याने आणले. चेंडू जरा रेषेबाहेर गेला की कॅनडाचे अकराच्या अकरा गडी, गोलीसकट, मळ्याच्या मधोमध जमून कुजबुजायला लागत. तेवढ्यात समोरचा संघ चेंडू आत फेकून, सावकाश चालत, रिकाम्या गोलात नेऊन ठेवत असे.

हॉटेलातली बाकडी पाच मिनिटांत भरली. गोली बाबूचा बाप गंगाराम आत शिरला तोच ओरडत.

"काढा तेका! फॉस्टिनाक आजच्या आज काढा! माजो झील गोल राखूक उभो केल्लो, तो गजाली करूक मदी धावता! लोक माका इचारतत, तुजो झील नेमको खंय खेळता?"

"मी मुंबईला कुपरेजच्या मैदानावर वीस वर्षं मॅची बघितल्या," दाजी म्हणाले. मुंबईच्या एका गिरणीत कारकुनी करून दाजी गावी परतले होते आणि फुटबॉलच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. "गोली जागा सोडताना एकदाही बघितला नाही. हा कोच निकामी आहे. माझंही मत, त्याला काढा."

"काढा, काढा," सगळी बाकडी म्हणाली.

भिकाजीने कढईवरून मान वर केली. एकमत म्हणजे धंद्याचा काळ. एकमत झाले की माणसे कप खाली ठेवून घरी जातात, हे त्याला अनुभवाने कळले होते. तो झारा हातात घेऊन पुढे आला.

"दाजीनू, एक इचारू? तुमी माड लावलास तर दुसऱ्या दिवसाक शेंड्यार चडून नारळ बगतास काय?"

"माडाचा इथे काय संबंध?"

"सात वर्सां वाट बगतास. फॉस्टिनाक आता खंय दोन जाली, आनी तुमी कोयती घेवन उबे! तां कोंडाळां रुजाक नको?"

"रुजाक?" गंगाराम उसळला. "माजो झील थंय कुजता हा!"

"पण भिकाजीच्या बोलण्यात तथ्य आहे," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणाले. दुसऱ्याने त्याला वेड्यात काढले. तिसरा पहिल्याच्या बाजूने उठला. वाद पेटला, चहाची दुसरी फेरी सुटली आणि भिकाजी पुन्हा कढईपाशी जाऊन उभा राहिला.

हे असे दर रविवारी चालायचे. कॅनडा टीम उभी राहण्याआधी भिकाजीचे हॉटेल बंद पडायच्या बेतात होते. मुंबईला मेहुण्याच्या खानावळीत भांडी घासायला जायचे जवळजवळ ठरले होते, नर्मदेने ट्रंकही झाडून ठेवली होती. ह्या पराभवांनी त्याला गावात ठेवले. एकदाच, चेंडू फुटल्यामुळे, सामना बरोबरीत सुटला होता. त्या दिवशी लोक हसत, गाणी म्हणत हॉटेलवरून सरळ घरी गेले आणि नवरा-बायकोला मंगळवारपर्यंत जेवणात भजी खावी लागली. तेव्हापासून भिकाजी फॉस्टिनच्या बाजूने जीव तोडून भांडत असे. त्याने कॅनडाचा एकही सामना पाहिलेला नव्हता. सामन्याच्या वेळी तो कांदे कापत असायचा.

त्या संध्याकाळी वाद ऐन रंगात आला असताना दारात फॉस्टिन उभा राहिला. तो कधी हॉटेलात येत नसे. त्यामुळेच तर त्याच्याबद्दल मोकळेपणी बोलता यायचे. फॉस्टिन सरळ भिकाजीपाशी गेला, गळ्यातली शिट्टी काढली आणि गल्ल्यावर ठेवली.

"भिकाजी, तू काय काय बोलतंस तां सगळां माज्या कानार येता," तो म्हणाला. "ह्या गावात माजी पद्दत एकाच माणसाक कळली. मी दमलंय रे. आता कॅनडा तूच संबाळ."

"मी?" भिकाजीच्या हातातला झारा कढईत पडला. "माका त्यातलां कायएक कळना नाय!"

"हाच मोठेपणा," दाजी उठून म्हणाले. "ज्याला कळतं तो असाच बोलतो. माझा पाठिंबा!"

"माजो पण," गंगाराम म्हणाला. "फॉस्टिन गेलो, बस झालां."

भिकाजी नको नको म्हणत असताना शिट्टी त्याच्या गळ्यात पडली. मग सगळ्यांनी समाधानाने कप खाली ठेवले आणि सगळे घरी गेले. अर्धी परात भजी तशीच राहिली.

"आता काय करतलास?" नर्मदेने विचारले.

भिकाजी चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत येरझारा घालत होता. "हरवतलंय. दुसरां काय? टीम हरली की लोक येतले."

"तां तरी जमात मां?"

"फॉस्टिनाक जमलां, माका नाय जमाचां?"

पुढच्या रविवारी तळण नर्मदेवर सोपवून तो प्रथमच मळ्यात गेला. आपली बाजू कुठली हे त्याला गंज्यांवरून कळले. पोरांना जमवून त्याने बजावले, "घाय करू नकात. चेंडू भायर गेलो की सगळां नीट, सावकाश बोलान घ्या. घरची खबर पण इचारा." पोरांनी मन लावून ऐकले. त्या दिवशीची कोंडाळी इतकी लांबली की समोरच्या संघाने मधल्या वेळात शहाळी फोडून प्यायली. कॅनडा सात गोलांनी हरली.

शेवटची शिट्टी होताच भिकाजी धोतर वर धरून पळत सुटला. लोकांना वाटले, बिचारा तोंड लपवतोय. तो मात्र धापा टाकत हॉटेलात पोचला आणि ओरडला, "नर्मदे, सात! दोनय टोप काढ!"

टोप चढले. भज्यांचा डोंगर झाला. भिकाजी दारात जाऊन उभा राहिला. माणसे आली, पण समोर पाहत, खाकरत, पुढे निघून गेली. एकटा गंगाराम आत शिरला. त्याने उभ्या उभ्या चहा घेतला आणि छपराकडे बघत म्हणाला, "बरी खेळली तशी." सात गोल खाल्लेल्या गोलीचा बाप हे बोलला आणि बशी ठेवून बाहेर पडला. भिकाजी भज्यांवर फडके झाकू लागला. तेवढ्यात रस्त्यापलीकडून एकच गलका उठला. फॉस्टिनच्या घरापुढच्या खळ्यात माणसांची दाटी झाली होती आणि गंगारामचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "काढा तेका!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच भिकाजीने दाजींना गाठले.

"दाजीनू, माजां काय चुकलां? लोक हाटेलात कित्याक येणत नाय?"

दाजी अवघडले. त्यांची मुंबईची मराठी गळून पडली. "भिकाजी, तुजोच चाय पिवन, तुज्याच बाकड्यार बसान, तुकाच गाळी घालूचे? माणुसकी आसा काय नाय? फॉस्टिन बोटीवरचो भंडारी. चाय बरो करता. तुजो इषय थंय काडूक बरां पडता."

"मिया काय वायट वाटान घेवचंय नाय! तोंडार घाला गाळी! पायजे तितके घाला!"

भिकाजी इतका गयावया करू लागला की दाजींना कीव आली. बुधवारी त्यांनी चार माणसे गोळा करून आणली. भिकाजीने सगळ्यांना गरम भजी वाढली आणि हात जोडून समोर बसला. "हां, करा सुरू."

सगळे भजी चावत राहिले. शेवटी दाजींनी घसा साफ केला. "भिकाजीराव, आपलं ते कोंडाळं... म्हणजे छानच असतं... फक्त जरा..."

"बोला दाजीनू, बोला!"

"जरा लांबतं की काय, असं एखाद्याला वाटू शकेल."

"गंगाराम, तू बोल! तुज्या झिलान सात गोल खाल्ल्यान ते माज्यामुळे!"

गंगारामच्या कपाळावरची शीर ताडताड उडत होती. त्याने तोंड उघडले, समोरच्या भज्यांकडे पाहिले, आणि मिटले. "भजी कुरकुरीत जाल्यात हां," तो कसाबसा म्हणाला. दहा मिनिटांत चहा आटोपून सगळे जे उठले ते थेट फॉस्टिनच्या खळ्यात गेले. घशात अडकलेले सगळे त्यांनी तिथे मोकळे केले. रस्त्यापलीकडे ते शब्द न् शब्द ऐकू येत होते.

"जिंकान बगा एकदा," नर्मदा म्हणाली.

"जिंकले तर घराक जातले, हरले तर फॉस्टिनाकडे जातले. माज्याकडे कोण येतलो?" भिकाजीचा आवाज रडवेला झाला. नर्मदेने माळ्यावरची ट्रंक खाली काढली. ती ट्रंक म्हणजे मेहुण्याची खानावळ. आता एकच उपाय होता. गळ्यातली शिट्टी जायला हवी.

रविवारी कॅनडा पुन्हा हरली. भिकाजी मळ्यावरून हॉटेलाकडे न जाता फॉस्टिनच्या खळ्यात गेला आणि मागच्या बाकड्यावर बसला. बाकडी नवी करकरीत होती. फॉस्टिन किटली घेऊन फिरत होता, त्याची बायको रोझालिना सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, भजी तळत होती. कांदाभज्यांचे दिवस भरले हे भिकाजीला वासावरूनच कळले.

"फॉस्टिनच्या वेळचं कोंडाळं!" दाजी सांगत होते. "काय ती शिस्त! कुपरेजवर बघायला मिळणार नाही!"

भिकाजी उठून उभा राहिला. "तर काय! काढा त्या भिकाजीक!"

सगळे वळून पाहू लागले. भिकाजीला आता धीर नव्हता. "तेका फुटबॉलातलां शाट कळना नाय! तेना जन्मात कदी मॅच बघूक नाय! मुद्दाम हरयता तो, मुद्दाम! असल्या माणसाक एक दिवस ठेवचो नाय!"

गंगारामचा चेहरा उजळला. चहा फॉस्टिनचा होता, आता कसली भीड? "खरां बोललंस! आदी बोलाक होयां होतां! काढा तेका!"

"माझीही हरकत नाही," दाजी म्हणाले.

"काढा, काढा," बाकडी म्हणू लागली. एकदोघांनी कप खाली ठेवले. भिकाजीने गळ्यातली शिट्टी काढायला हात वर नेला. त्याला इतके हलके कितीतरी दिवसांत वाटले नव्हते.

"थांबा," फॉस्टिन म्हणाला.

त्याने किटली खाली ठेवली आणि बाकड्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला. "होडीचो तांडेल बदललो म्हणान वारो बदलता काय? माणूस सोताच्या तोंडान सोताच्यो चुको सांगता. असो कोच खंय गावतलो तुमका? ह्योच खरो शिकतलो!"

"ह्यो शिकतलो?" गंगाराम ओरडला.

"फॉस्टिन म्हणतो त्यात तथ्य आहे," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणाले. दुसऱ्याने त्याला वेड्यात काढले. दाजींनी कुपरेज काढले. खाली ठेवलेले कप पुन्हा हातात आले, रोझालिनाने नवा घाणा सोडला, आणि दिवेलागणीला असे ठरले की हा मोसमच काय, पुढचाही मोसम भिकाजीला द्यावा.

भिकाजी शिट्टी गळ्यात तशीच ठेवून खाली बसला. फॉस्टिन स्वतः त्याच्यासाठी चहा आणि भजी घेऊन आला. बशी हातात देताना तो वाकला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "भियां नको. तुया माका दोन वर्सां संबाळलंस, तुका मी तीन संबाळतलंय."

आणि बशीत एक भजे जास्तीचे ठेवून तो पुढच्या बाकड्याकडे गेला.