सबनीस सरांची तिसरी मुदतवाढ

माझ्या लग्नात मी उखाणा घेत होते. पहिली ओळ झाली, दुसरी झाली आणि नवऱ्याचं नाव घ्यायच्या आधी, सगळ्या मुली थांबतात तशी, मी जराशी थांबले. लाजायला नको का? तेवढ्यात पुढच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "प्रशांत!"

माझ्या नवऱ्याचं नाव प्रसाद आहे.

आवाज सबनीस सरांचा. नंतर आहेराचं पाकीट हातात देताना म्हणाले, "अगं वर्षा, मला वाटलं तू अडकलीस. अडकलेल्या माणसाला सोडवायला नको?" आमच्या सासूबाई अजून अधूनमधून, भाजी निवडता निवडता, सहज विचारल्यासारखं विचारतात, "काय गं, तो प्रशांत म्हणजे नक्की कोण?"

सबनीस सरांनी पार्ल्याच्या आमच्या कॉलेजात आयुष्यभर शिक्षणशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले आणि सरकारी अनुदानावरच्या एका संशोधन प्रकल्पाचे प्रमुख झाले. मी त्या प्रकल्पाची सहायक. म्हणजे अर्ज, हिशेब, झेरॉक्स आणि सर, हे सगळं सांभाळणारी. प्रकल्प आहे तोवर माझी नोकरी आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी सरांवर का ओरडायचे ते कळेल.

समोरचा माणूस शब्दासाठी अडखळला की सर लगेच पुढे सरसावतात. तोंडात शब्द कोंबल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. प्राचार्यांच्या वडिलांची शोकसभा होती. प्राचार्य गहिवरून म्हणाले, "बाबा म्हणजे आमच्यासाठी एक... एक..." सर म्हणाले, "वटवृक्ष!" आता प्राचार्यांना म्हणायचं होतं 'मित्र'. पण सभेने माना डोलावल्या. मग काय करतात बिचारे? पुढचं अख्खं भाषण सावली, पारंब्या करत करत रेटलं. एकदा सर विक्रोळीला आमच्या घरी आले होते. ते गेल्यावर आई म्हणाली, "हेंका गप ऱ्हवाक काय जाता?"

तेच तर! गप्प राहण्याचाच प्रकल्प होता हो तो.

विषय असा, की तिसरीतली मुलं वाचताना कुठे अडतात आणि अडल्यावर काय करतात. वाकोल्याच्या एका शाळेत जायचं, मुलाला चित्रांची कार्डं दाखवायची, धडा वाचायला द्यायचा, आवाज रेकॉर्ड करायचा. नियम एकच. मूल अडलं तर संशोधकाने मदत करायची नाही. चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलू द्यायची नाही. हा नियम सरांनी स्वतः लिहिलेला, जाड अक्षरात.

पहिल्याच दिवशी एक चुणचुणीत पोरगी वाचायला बसली. "झाडाखाली एक मां... मां..." मी सरांकडे बघितलं. कपाळावर घाम. ओठ थरथरतायत. मी डोळे वटारले. "मांजर!" सर ओरडलेच. वर पुन्हा, "शाब्बास!"

रेकॉर्डिंग बाद.

असं वर्षभर चाललं. मी त्यांना खोकल्याची गोळी चघळायला दिली, तोंडावर मास्क बांधायला लावला, एकदा तर वर्गाबाहेर उभं केलं. ते खिडकीतून ओरडले. पुढे पुढे पोरं एवढी तयार झाली की अडलं की पुस्तक सोडून सरांच्या तोंडाकडे बघायची. सरांचे ओठ बघून शब्द ओळखायची. वाचायला शिकली म्हणा, पण कुठे अडतात ते कोण सांगणार? मग नवी तुकडी घ्या, नवी परवानगी काढा. वाट लागली नुसती.

मुदत संपली. मी मुदतवाढीच्या अर्जात लिहिलं, 'अपरिहार्य कारणास्तव विलंब'. मिळाली. दुसऱ्यांदाही तेच लिहिलं, तीही मिळाली. तिसऱ्यांदा मात्र अर्ज परत आला. अपरिहार्य कारण म्हणजे काय, ते प्रकल्पप्रमुखांनी व्हिडिओ कॉलवर अनुदान समितीला स्वतः सांगावं, नाहीतर प्रकल्प बंद.

"सर, तुमच्या एका मांजरापायी माझी नोकरी जाणार," मी म्हटलं.

"नाही गं जाणार," सर म्हणाले आणि घड्याळाकडे बघून पिशवी उचलली.

हा आणखी एक वैताग. चार वाजले की सर पसार! आभाळ कोसळो, समिती येवो, चारला निघणार म्हणजे निघणार. घर चालत जायच्या अंतरावर, पण इतक्या वर्षांत कधी 'चल, चहाला' नाही. मी मनात म्हणायचे, अस्सल पार्लेकर, चहापत्ती वाचवतायत.

समितीचा कॉल सोमवारी होता आणि शनिवारी माझ्या लक्षात आलं की अर्जाच्या शेवटच्या पानावर सरांची सहीच नाही. कॉलेजला दांडी मारून सर घरीच होते, फोन उचलत नव्हते. शेवटी पत्ता विचारत मीच गेले.

सरांनी दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवून. आत खिडकीपाशी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, रोहिणीताई. मांडीवर आमची वाकोल्याच्या शाळेतली चित्रांची कार्डं. सर हळूच म्हणाले, "अर्धांगवायूचा झटका आला होता. हातपाय सावरले, पण शब्द गेले. म्हणजे आहेत आत, सापडत नाहीत. सकाळी बाई येते, ती चारला जाते. आज ती आलीच नाही."

आम्ही सगळे चारच्या ठोक्यावरून त्यांची टिंगल करायचो.

रोहिणीताईंनी माझ्याकडे बघितलं. हसल्या. मग सरांना म्हणाल्या, "हिला... हिला..." आणि स्वयंपाकघराकडे हात केला. "हिला... दे..."

पुढे शब्द येईना. मी बघितलं, आता सर म्हणणार! सर गप्प. घाम नाही, थरथर नाही. खुर्चीत मागे टेकून निवांत बसलेले, जणू दुनियेतला सगळा वेळ त्यांच्या बापाचा. खाली भंगारवाला ओरडत आला आणि ओरडत निघूनही गेला. 'चहा' हा शब्द अगदी जिभेवर आला होता माझ्या. मी तोंड उघडलं, तर सरांनी माझ्यावर डोळे वटारले. त्यांनी! माझ्यावर!

"पो..." ताई म्हणाल्या. "पोहे."

"बघ," सर उठत म्हणाले, "तू काय सांगणार होतीस?"

"चहा."

"मीही असंच करायचो सुरुवातीला. तिला म्हणायचं असायचं खिडकी, मी म्हणायचो पंखा. दमून होकारार्थी मान हलवायची बिचारी. ऐन थंडीत पंख्याखाली बसायची. किती तरी दिवस ही माझेच शब्द बोलत होती, वर्षा." मग कढईत तेल घालत म्हणाले, "आता नाही करत. घरात मला जमतं. शाळेत मात्र पोरांचे डोळे बघितले की सुटतंच तोंडातून."

पोहे झकास झाले होते. मी हळूच म्हटलं, "सर, हेच सांगा ना समितीला. पत्नीचं आजारपण. डोळे झाकून मुदतवाढ देतील."

"पण उशीर तिच्यामुळे कुठे झालाय? मी मध्ये मध्ये बोललो म्हणून झालाय."

"कोण बघायला येतंय? माझी नोकरी आहे हो त्यात."

"माहितेय. त्या काळजीने झोप नाही मला." त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. "पण तिला कारण नाही करणार गं मी. ती माझी रोहिणी आहे."

सही घेतली आणि निघाले.

सोमवारी समितीतल्या मंडळींसमोर सरांनी घडाघडा सगळं सांगितलं. मुलं अडली, मला राहवलं नाही, मी शब्द सांगत सुटलो, चूक माझी. मी कॅमेऱ्याच्या बाहेर बसून कपाळाला हात लावला. संपलं, म्हटलं. उद्यापासून नोकरी शोधा.

समितीच्या अध्यक्ष मॅडमनी चष्मा वर केला. "सबनीस सर, तुमचा प्रामाणिकपणा ठीक आहे. पण यापुढे असं होणार नाही याची... याची काय..."

आणि अडल्या.

'हमी', मी मनात म्हटलं. 'गॅरंटी', 'खात्री', काय वाट्टेल ते, पण सर, आता बोलू नका! सरांचे हात मांडीवर होते. ओठ मिटलेले. त्यांनी नुसतं मॅडमकडे बघितलं, सावकाश, खिडकीपाशी बसलेल्या माणसाकडे बघावं तसं, आणि थांबले.

"...याचा भरवसा काय?" मॅडमना शब्द सापडला.

"घरी सराव चालू आहे, मॅडम," सर म्हणाले.

समितीतले सगळे खो खो हसले. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, बरं, देऊ या एक वर्ष, पण हे शेवटचं. मला हसू आलं नाही. मी ओढणीने डोळे पुसत होते.

कॉल संपला. सर काहीतरी आभाराचं बोलायला लागले. मी घड्याळ बघितलं आणि त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली.

"ते उद्या बोलू. चार वाजत आले. निघा तुम्ही, ताई वाट बघत असतील."