रंगाऱ्यानं रंगवलेलं जंगल

आमच्या ह्यांना चित्र दाखवू नये! दुसरा माणूस चित्र बघून 'वा' म्हणतो नि कामाला लागतो, हे त्यात बिऱ्हाड थाटतात! आमचा धंदा कापड रंगवायचा. रंगाच्या कामात आख्ख्या कोल्हापुरात आमचा हात धरणारा कुणी नाही, हे मी छातीठोक सांगते. पण म्हणून कॅलेंडरावरचं परदेशी तळं नि भोवतीचं लालभडक जंगल बघून पाहुणीला शब्द द्यायचा?

पाहुणी म्हणजे मलकापूरची खतिजाबी. आमच्या लेकीला, सलमाला बघून गेलेली, पण होकार पानासारखा गालात धरून बसलेली! इकडं सलमानं तिच्या पोरासाठी जेवण टाकलेलं. आणि हे खतिजाबीला म्हणतात, "दाजीपूरच्या जंगलात चला. दिवाळी झाली की तळ्याकाठची पानं लाल होत्यात!"

मी म्हटलं, "अवो, मलकापूरच्या बाईला जंगल दाखवताय? माशाला पाणी दाखवल्यागत!"

"तू गप. चित्रात हाय की!"

सलमाला घरी ठेवून आम्ही जीप केली. बघतो तर जंगल हिरवंगार! कोथिंबिरीच्या जुडीत शिरल्यागत वाटलं.

खतिजाबी म्हणाली, "भाईसाब, पान लाल बघायचं तर शिमग्याला यायचं. आत्ता कुठलं?"

"तळ्याच्या अंगाला हाय की!" म्हणत ह्यांनी जीपमधलं एक पोतं खांद्यावर टाकलं नि पुढं पळाले. आम्ही दोघी भाकरी-मटण खाऊन मागनं गेलो, आणि काय सांगू! काठावरची झाडं पेटलेली! माझंच तोंड उघडं पडलं. मग नीट बघितलं. फांद्याफांद्यांवर आमच्या दुकानातल्या लाल ओढण्या! त्याही ओल्या!

खतिजाबी झाडाखाली जाऊन उभी राहिली. टप! टप! तिच्या पांढऱ्याधोप साडीवर!

"या अल्ला, रगत!" ती उलटी फिरली ती थेट माझ्या अंगावर. दोघी चिखलात. गेलं लग्न पाण्यात!

तेवढ्यात झाडी हलली नि गवा बाहेर आला. काळ्या फत्तराचा डोंगर, पायात पांढरे मोजे घातल्यागत. श्वास सोडला की वाफ दिसायची. शिंगात एक ओढणी अडकली, त्याला पत्ताही नाही. सावकाश पाण्याला तोंड लावलं. आख्खं तळं हललं. एक पाखरू बोलेना. मी आयुष्यात कुणापुढं मान वाकवली नाही, त्या दिवशी आपसूक वाकली. खतिजाबीनं माझा हात गच्च धरलेला. गवा ओढणीसकट झाडीत गेला तरी आम्ही उठलो नाही.

मग खतिजाबी हळूच हसली. "पोरीसाठी झाडं रंगवणारा बाप म्या तर बघितला न्हवता." तिनं फांदीवरची एक ओढणी काढून पिळली. "चला, सून म्हणून सलमाच्या डोस्क्यावर हीच घालतो."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ह्यांना सांगावं म्हणून बघते तर हे नाहीत! गवा आल्यापासनं झाडाच्या शेंड्याला चिकटलेले!

मी ओरडले, "उतरा खाली! जंगल रंगवणारा वर बसलाय, तुमी न्हवं! तुमी आपली कापडं रंगवा, आन ती आदी वाळवाय शिका!"